दाराबाहेरचंही मोजून घ्या

पुनर्विकासाच्या सभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो: कार्पेट किती देणार? मग कॉर्पस, मग भाडं. विचाराच, हक्काचं आहे. पण संमतिपत्रावर सही करण्याआधी आणखी एक कागद मागा. अख्ख्या मजल्याचा नकाशा. सोफा-पलंग काढलेलं ते रंगीत चित्र नव्हे. टॉवरचे सगळे मजले एकाच साच्यातून निघतात. एका मजल्यावरची चूक वीस मजल्यांवर उमटते.

नकाशावर आपल्या दारावर बोट ठेवा आणि लिफ्टपर्यंत न्या. वाटेत खिडकी लागते का? माझ्या मावशीच्या इमारतीत लागत नाही. भर दुपारी पॅसेजमध्ये दिवा जळतो, त्याचं बिल मेंटेनन्समध्ये येतं. आधी चाळीत राहायची, तिथे ती गॅलरीत भाजी निवडत बसायची तेव्हा चार घरांच्या बातम्या आपोआप कळायच्या. आता समोरच्या घरात कोण राहतं, तिला ठाऊक नाही.

शेजार नकाशातच आखता येतो. जमलं तर बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज पाहून या. चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात घरं आणि मध्ये आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, हा तिचा साचा. असे तीन गट मिळून पुढचं मोठं अंगण. शेजारच्या घराशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे कुटुंब वाढलं की घरही वाढवता येतं. पुष्कळांनी वाढवलंही. सहा हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबं, तीही बैठ्या आणि एकमजली घरांत! दादर-परळला एवढी ऐसपैस जागा नाही, कबूल. पण अंगण वर नेता येतं: दर तीन-चार मजल्यांमागे एक मोकळी, उजेडाची सामाईक गॅलरी मागा. एफएसआयचं कारण पुढे आलं, तर आपल्या आर्किटेक्टकडून हिशेब तपासून घ्या.

आणि पाइपांची डक्ट बघा. संडास-मोऱ्या एकाखाली एक हव्यात, डक्टमध्ये माणूस उभा राहून पाना फिरवू शकेल एवढी जागा हवी. नाहीतर वरच्याची गळती काढायला खालच्याच्या टाइल्स फुटतात, आणि दोघांचं बोलणं बंद होतं.

ठरलेला नकाशा करारनाम्याला जोडून घ्या. त्याआधी तो पेनड्राइव्हवर नको, मोठ्या कागदावर छापून नोटीस बोर्डावर लावा. तळमजल्यावरच्या आजोबांनाही चष्मा लावून सावकाश पाहू द्या.