दिल्लीचा अधिकार, भोपाळचा अधिकार आणि सीमेवरची मराठी

राज्यांच्या विधानसभांना जादा अधिकार दिले की संसदेचे सार्वभौमत्व खिळखिळे होते, असा सूर दिल्लीत अधूनमधून निघत असतो. उलट संसद आमचे हक्क गिळंकृत करते, अशी ओरड राज्यांच्या राजधान्यांतून होत असते. या वादात सौसर, पांढुर्णा, मुलताई, बऱ्हाणपूर या पट्ट्यातील मराठी माणूस कोठे उभा आहे, याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. तो दोघांच्या मधोमध उभा आहे आणि दोघांनीही त्याच्याकडे पाठ फिरवली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. हिंदी आणि मराठी या दोन्ही त्या राज्याच्या राजभाषा होत्या. १९५६ साली संसदेने राज्य पुनर्रचनेचा कायदा केला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून नव्या मध्य प्रदेशाचा कारभार भोपाळहून सुरू झाला. पुढे भोपाळच्या विधानसभेने १९५७ च्या राजभाषा कायद्याने हिंदीला राजभाषा केले. सीमेवरचा शेतकरी आपल्या बांधावरून हललाही नव्हता. पण कालपर्यंत सरकारची असलेली त्याची भाषा आज शेजारच्या राज्याची ठरली. सीमा दिल्लीने आखली, भाषा भोपाळने ठरवली.

अधिकारांची ही वाटणी नीट समजून घेतली पाहिजे. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेकडे ठेवला आहे. विधानसभेचे मत विचारावे लागते. ते मानलेच पाहिजे असे नाही. मुंबई राज्याच्या पुनर्रचनेवरून झालेल्या बाबूलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच हे स्पष्ट केले. २०१४ साली आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झालेच. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमुखाने ठराव केला. कर्नाटकाने त्याआधीच उलट ठराव केला होता. दोन्ही ठरावांनी सीमेवरचा एक दगडही हलला नाही. तेव्हा विधानसभांमुळे संसद दुबळी होते, हे म्हणणे निदान सीमेच्या बाबतीत तरी टिकत नाही.

भोपाळला हे अनुभवाने ठाऊक आहे. १५ डिसेंबर १९९२ रोजी सुंदरलाल पटवा यांचे सरकार केंद्राने बरखास्त केले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, पण मार्च १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्याच निकालाने केंद्रालाही वेसण घातली. अशी बरखास्ती न्यायालयात तपासता येईल आणि संसदेच्या मान्यतेवाचून विधानसभा विसर्जित करता येणार नाही, असे बजावले. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडला १९९९ मध्ये स्वतःची संसद मिळाली, तरी लंडनच्या संसदेने आपला वरचढ हक्क कायद्यातच राखून ठेवला. आपल्याकडे मात्र दिल्ली काय आणि भोपाळ काय, दोघांनाही अधिकार मिळतो तो राज्यघटनेतून. संसदेलासुद्धा घटनेचा मूळ गाभा बदलता येत नाही, हे १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने ठरून गेले आहे.

मग प्रश्न असा की, घटनेने सीमेवरच्या माणसाला काय दिले? राजभाषा ठरवण्याचा हक्क ३४५ व्या कलमाने राज्याला दिला खरा, पण कुलपाची दुसरी किल्ली केंद्राकडे ठेवली. राज्याच्या एखाद्या भागापुरतीही एखाद्या भाषेला मान्यता देण्याचा निर्देश राष्ट्रपती ३४७ व्या कलमाने देऊ शकतात. अट एवढीच की लोकसंख्येच्या पुरेशा भागाची तशी मागणी हवी. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी १९५६ मध्येच ३५० अ हे कलम घातले गेले. भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेल्या आयुक्तांचे अहवाल संसदेपुढे ठेवावे लागतात. म्हणजे संसदेने भाषेचा विषय राज्याच्या दारात सोडून हात झटकलेले नाहीत. निदान कागदावर तरी नाहीत.

व्यवहारात मात्र 'आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना' अशी गत झाली आहे. दिल्लीकडे जावे तर शिक्षण राज्याने पाहावे असे उत्तर मिळते. भोपाळकडे जावे तर राज्याची राजभाषा हिंदी आहे असे ऐकवले जाते. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. भोपाळमध्ये मराठी साहित्य अकादमी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आम्हांलाही आहे. पण अभिजात भाषेचे बाराखडीचे पुस्तक सीमेवरच्या शाळेत नसेल तर तो सन्मान फेट्याच्या तुऱ्यापुरताच उरतो.

आमचे सांगणे गावकऱ्यांना आहे. ३५० अ कलमात राज्याबरोबर स्थानिक संस्थांचाही उल्लेख आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये मध्य प्रदेशात पंचायतींच्या निवडणुका झाल्या; ग्रामसभा आज आपल्या हातात आहे. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुले असली तर मातृभाषेतून शिकवण्याची सोय करावी, हे सूत्र १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून मान्य आहे. तेव्हा गावागावांनी मुलांची यादी करावी, ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्याची एक प्रत आमदाराला, दुसरी खासदाराला द्यावी. आमदाराने भोपाळच्या सभागृहात विचारावे की, सीमाभागात मराठीचे वर्ग किती आणि शिक्षक किती? खासदाराने दिल्लीत विचारावे की, आयुक्तांच्या अहवालांवर कार्यवाही काय झाली?

सार्वभौमत्व संसदेचे की विधानसभेचे, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. घटनेच्या पहिल्या ओळीत मात्र ना संसदेचे नाव आहे, ना विधानसभेचे. तेथे 'आम्ही भारताचे लोक' आहोत. सीमेवरची गावे त्या 'आम्ही'मध्ये मोडतात की नाही, याचे उत्तर दिल्लीने आणि भोपाळने एकमेकांकडे बोट न दाखवता द्यावे.