साच्यावरचे नाव

पितळी मोदकाचे साचे जमवण्याचा नाद मला लागला तो एका चुकीतून. 1994 साली घर बदलताना आजीचा साचा मी जुन्या भांड्यांबरोबर मोडीत दिला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तिचे नाव घातलेले होते, हे आठवले ते गणपतीत.

तेव्हापासून जुन्या बाजारात दिसेल तो साचा मी उचलतो. आज तेवीस आहेत. पाहुणे सुचवतात, बफिंग करून शोकेसमध्ये लावा! मला हे मुळीच पटत नाही. बफिंगने पितळ झळाळते, पण नावाचे ठिपके पुसट होतात. त्यापेक्षा चिंच बरी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुने दिवे, अडकित्ते पाहून मीही हरखतो. पण घर म्हणजे संग्रहालय नव्हे.

आई म्हणे, साच्यातला मोदक आळशाचा. उकडीपुरते ते खरेच; खव्याला मात्र साचा हवा. दर गणेशचतुर्थीला मी साच्यांना आतून तुपाचे बोट फिरवतो, खवा दाबून भरतो. बिजागरी उघडली की कळ्यांसकट मोदक हातावर येतो.

यंदा नातीने साऱ्या साच्यांवरची नावे वाचून काढली आणि विचारले, "आजोबा, ह्यांतला आपला कुठला?"

मी तिच्यापुढे तुपाची वाटी सरकवली.