नातीची बॅग आणि माझा शोधनिबंध

मंडळी, गेल्या आठवड्यात पुण्याहून नात येऊन गेली. नात म्हणजे धाकट्या भावाच्या मुलाची मुलगी, घरच्यांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगितलं. चार दिवस ओसरीवर खाट टाकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. परदेशातल्या संशोधन-पत्रिकांचे लेख तपासून छपाईला तयार करायचं तिचं काम. अमेरिकेत 'सोसायटी फॉर स्कॉलरली पब्लिशिंग' म्हणून संस्था आहे, १९७८ साली स्थापन झालेली. तिची वार्षिक परिषद भरते आणि तिथे ज्ञानपत्रिकांचे प्रकाशक, संपादक, ग्रंथपाल असे सगळे जमतात. यंदा ऑफिस आमच्या नातीला पाठवतंय.

मला वाटलं तयारी म्हणजे व्हिसा, गरम कपडे आणि मेतकूट. पण तिची तयारी वेगळीच. कोणती सत्रं ऐकायची, कोणाला आधी मेल करून भेट ठरवायची, पाच मिनिटं बोलायला मिळाली तर काय बोलायचं. त्या पाच मिनिटांचा कागद तिने तीनदा फाडला. शेवटी म्हणाली, "आजोबा, सगळे तिथे आकडे सांगतील. मला एक खरं उदाहरण द्या ना. पैसे भरून लेख छापून घेतला असा कोणी तुमच्या ओळखीचा आहे का?"

आहे की. ट्रंकेत त्याचं सर्टिफिकेटसुद्धा आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

२०१६ साली मी आमच्या शिवारातल्या वावरांच्या नावांवर एक लेख लिहिला होता. कालवा आला, गट पडले, वाटण्या झाल्या, आणि नावं पुसली जायला लागली. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. म्हाताऱ्या माणसांकडे बसून बसून मी दीडशेच्या आसपास नावं वहीत उतरवली होती. कोणतं वावर झाडावरून, कोणतं विहिरीवरून, कोणतं कधीच्या काळी मेलेल्या बैलावरून. सांगणाऱ्यांपैकी बहुतेक आज हयात नाहीत.

एका ओळखीच्या प्राध्यापकाने एक पत्ता दिला. 'इंटरनॅशनल' असं नावातच होतं, वर आयएसएसएन नंबर. अठराशे रुपये भरले. सहाव्या दिवशी लेख स्वीकारल्याचं पत्र. आमच्या बोर्डाच्या दहावीच्या पेपरांवरही मॉडरेटर असायचा, आणि त्याला सहा दिवसांत गठ्ठा हातावेगळा करता यायचा नाही! तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही, कारण मी खूश होतो. शिक्षक म्हणून जन्म गेला, आता संशोधक झालो असं वाटलं.

अंक आला. माझ्या आधी मत्स्यपालन, माझ्यानंतर बँकांची थकीत कर्जं. आणि लेखात सगळीकडे 'पांढरी'ची 'पंढरी' केलेली. पांढरी म्हणजे गावठाणाची पांढरट माती, काळीच्या उलट. लेखाचा अर्धा मुद्दा त्या एका शब्दावर उभा होता. वाचणाऱ्याला वाटावं आमचं अख्खं गाव विठ्ठलाने वसवलं. लेख कोणीही तपासला नव्हता हे त्यावरून कळलं. पुढे त्यांची वेबसाईटही नाहीशी झाली. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

नात हसली नाही. "आजोबा, हे तुमच्यासारख्या हजारोंचं झालंय," एवढंच म्हणाली. ते खरंच आहे, पण मी तरी हौसेने फसलो. कॉलेजातल्या पोरांना पर्यायच ठेवला नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत शोधनिबंधांना गुण आले. नेमणूक गुणांवर, बढती गुणांवर. गुण म्हटले की गाईड निघणार, क्लास निघणार, आणि दुकानं निघणार, हे कोणत्याही मास्तराने सांगितलं असतं. मग मान्यताप्राप्त पत्रिकांची यादी केली, आणि मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच यादीतून ४३०५ पत्रिका काढाव्या लागल्या. २०१९ ला 'केअर' नावाची नवी, कडक यादी आली. तीही ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत बंद करायचं ठरलं, जाहीर झालं फेब्रुवारी २०२५ मध्ये. आता संस्थांनीच चांगली पत्रिका ओळखायची. गंमत बघा, त्याच ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे आपण एकाच बातमीचे वाटले.

यादी गेली याचं मला फार दुःख नाही. यादी होती तेव्हा लोक यादी वाचायचे, लेख नाही. पण ज्या कॉलेजला स्वतःच निबंधांची संख्या दाखवायची आहे, तेच पत्रिका चांगली की वाईट ठरवणार, हे म्हणजे पोराने स्वतःचाच पेपर तपासण्यासारखं झालं. माझं मत विचाराल तर गुणच काढून टाका. वर्षाला चार निबंध नकोत, दहा वर्षांत एक द्या, पण तो चौघांनी वाचलेला असू द्या.

आणि आपल्याकडे चांगलं नव्हतंच असं कुठे आहे? वाईच्या प्राज्ञपाठशाळेचं 'नवभारत' १९४७ पासूनचं. मराठी अभ्यास परिषदेचं 'भाषा आणि जीवन' १९८३ पासूनचं. माझा लेख खरं तर तिथे पाठवायचा होता. त्यांनी परत पाठवला असता तर का परत पाठवला ते कळलं असतं, आणि तेवढ्याने मी सुधारलो असतो. मला 'इंटरनॅशनल' शब्दाची भूल पडली, दुसरं काय! त्याहून जुनं सांगू? इथून तासा-दीड तासावर पैठण. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांना बजावलं की यात आपली ओवी घुसडू नका. कोणाकडून अठराशे रुपये घेतले नाहीत. १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली. मधली अडीचशे वर्षं लोकांनी ती हाताने उतरवत टिकवली.

नातीने मला आणखी एक गोष्ट समजावली, डीओआय म्हणतात ती. प्रत्येक लेखाला एक कायमचा नंबर. पत्रिका विकली गेली, वेबसाईट बदलली, तरी नंबर तोच. मी म्हटलं, हा तर गट नंबर झाला, मालक बदलला तरी वावर सापडतं. तिला ते इतकं आवडलं की कागदावर लिहून घेतलं. माझ्या लेखाला असला नंबर नव्हता, म्हणून वावर गेलं ते गेलंच.

ती 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'बद्दलही सांगत होती. तीन वर्षांना ६००० कोटी, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास पत्रिका, आणि त्या शासकीय संस्थांतल्या विद्यार्थ्यांना २०२५ पासून वाचायला खुल्या. चांगलं आहे, मुलांना मिळावंच. पण त्या ६००० कोटींच्या शेजारी एक लहान रक्कम मराठी त्रैमासिकांचे जुने अंक स्कॅन करून सर्वांना खुले करायला ठेवली असती तर? विश्वकोश नाही का, आज घरबसल्या फुकट वाचता येतो. वडीगोद्रीत बसलेला माझ्यासारखा माणूस कोणत्याच संस्थेत मोडत नाही. त्याला ते तेरा हजारही बंद आणि आपल्याच भाषेतले जुने अंकही बंद. हे तिने तिकडे बोलावं असं मी सांगितलं. ती म्हणाली, तिथे हे ऐकणारे आहेत, पण मराठी पत्रिकावाल्यांनीही कधीतरी असं एकत्र बसायला हवं, दरवर्षी, पुरस्कार आणि सत्कार वगळून. सत्कार वगळून मराठी माणसं जमतील का, याबद्दल मला शंका आहे.

जायच्या दिवशी तिने विचारलं, "तुमचं उदाहरण सांगू का? नाव नाही घेणार." मी आधी नाही म्हटलं. एसटीत बसेपर्यंत नाहीच म्हणत होतो. बस हलल्यावर फोन करून सांगितलं, सांग, नावानिशी सांग. नाव लपवलं तर ते उदाहरण खोटं वाटेल.

मूळ वही सुदैवाने जवळ आहे. ती पुन्हा स्वच्छ उतरवून पाठवा, फोटो नीट येतील असं बघा, प्रत्येक नावापुढे सांगणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहा, असा तिचा हुकूम आहे. तिचं तिकीट व्हायच्या आत द्यायचंय. एकशे सहापर्यंत आलोय. दोन नावं माझ्याच अक्षरात मला लागेनात, वावर कालव्याच्या पलीकडचं एवढं आठवतंय. उद्या ऊन चढायच्या आत तिकडे जाऊन विचारून येतो.