खेळपट्टीइतकीच निवडही निर्णायक

धान कापून झाले की आसगावात बांधीत पोरांचे क्रिकेट सुरू होते आणि कसोटीची चर्चाही. मायदेशातली पुढची मालिका कोण जिंकेल? आम्ही वकील, पुरावा पाहतो. २०२४ मध्ये न्यूझीलंडने आपल्याला ३-० ने हरवले. पुण्यात सँटनरने १३, मुंबईत एजाज पटेलने ११ बळी घेतले. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेपुढे कोलकात्यात १२४ धावा हव्या असताना आपण ९३ मध्ये आटोपलो. फिरकीची खेळपट्टी आपल्यावरच उलटली.

म्हणजे पहिला मुद्दा फिरकी खेळण्याचे तंत्र, दुसरा चिकाटी. तिसरा निवडीचा, त्यावर कुणी बोलत नाही. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखत आणि साहेबांना सरावाची गोलंदाजी टाकत तयार झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद जातीने अडवले. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले आणि संघ जिंकला!

गुणवत्तेचा जप करणाऱ्यांना आमचा सवाल आहे : आसगावच्या बांधीत आज एखादा बाळू चेंडू वळवत असेल, तर त्याला पाहायला कोण येणार?