गोठ्यातील मोटारखाना

गुरे गेली, गोठा रिकामा झाला. आणि आमच्या एका तरुण मित्राने तेथे हौसेचा मोटारखाना थाटला. पाने, हातोडे, पकडी भिंतीवरील फळीला अशा ओळीने टांगल्या आहेत की, आम्हांस आमच्या लिहिण्याच्या मेजाची लाज वाटली! परंतु पावसाची झड येते म्हणून दार लावून तो इंजिन चालू ठेवतो, हे पाहताच आम्ही त्यास हटकले. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो आणि माणूस गुंगीतच जातो. नुसते दार उघडून भागत नाही. इंजिन चालवावयाचे तर गाडी अंगणात काढावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीही कोणी शिरू नये. भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात. त्या अद्याप आलेल्या नाहीत. गाडीच्या नव्या रंगाला मात्र पैसे निघाले!