मुळात शोधाल तर सापडणार नाही



बांधा-धुऱ्यावर, गायरानात ज्वारीसारखं दिसणारं एक गवत उगवतं. दाणा बारीक, कणीस विरळ. आपल्या लेखी रानज्वारी, कृषी खात्याच्या लेखी तण. पुस्तकातलं नाव सोर्घम पर्प्युरिओसेरिसियम. या गवताला खोडमाशी जवळजवळ लागतच नाही. उशिरा पेरलेल्या ज्वारीचे पोंगे वाळले की दुबार पेरणी कोणाच्या कर्जातून होते, हे या सभेला सांगायला नको.

साहेबांचं उत्तर ठरलेलं : "नमुना बीजपेढीत आहे, बांध साफ ठेवा." एका पाकिटात अख्खं गवत मावलं म्हणे!

मावत नाही. आपल्या ज्वारीत गुणसूत्रं 20, या गवतात 10. पण त्यातल्या काही झाडांत वर आणखी जास्तीची असतात. एकात एकही नाही, दुसऱ्यात दोन-तीन. 1940 साली ई. के. जानकी अम्मल यांनी ती नोंदवली. बाई तेल्लिचेरीच्या, कोइमतूरला उसावर राबलेल्या. ही जास्तीची गुणसूत्रं झाड वाढताना मुळांतून, पानांतून गळून जातात. फुलोऱ्यात, परागात टिकतात. मी कॉलेजात शिकलो ती मोजणी मुळाच्या टोकावरची! तशी मोजली तर दहाच भरतात आणि आपण छातीठोक लिहितो, सगळी झाडं सारखी. बी कणीस पाहून निवडायचं, हे माझ्या आईला डिग्रीशिवाय ठाऊक होतं.

ही गुणसूत्रं म्हणजे सोनं नव्हे. खोडमाशी त्यांच्यामुळे लागत नाही, असंही मी म्हणणार नाही. फुकट्या पाहुण्यासारखी ती परागातून पुढच्या पिढीत घुसतात आणि गर्दी झाली की परागकणच मारतात. माझं भांडण हिशेबाचं आहे. ज्या मोजणीतून आख्खी गुणसूत्रं निसटतात, तिच्या जोरावर एका शिवारातलं मूठभर बी पुरे, हे ठरवलं कोणी? बाकीच्या शिवारांत काय होतं, ते तणनाशक मारल्यावर कोणाला विचारणार?

ज्वारी बिघडेल ही भीती नको. या गवताचा आपल्या ज्वारीशी संकर सहजी होत नाही. शास्त्रज्ञांचीही तिथंच दमछाक होते.

2002 च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची नोंदवही सांगितली आहे. वही मागा. रानज्वारी त्यात आहे का, कोणत्या बांधावरची, ते पाहा. यंदा एक धुरा तरी फवारू नका. बी पिकलं की शिवारागणिक वेगळं ठेवा, पाकिटावर गावाचं नाव लिहा. पुढच्या जिल्हा सभेला येताना कणसं आणा. मुळं नकोत.