ग्रामसभा तहकूब होऊ देऊ नका

जानेवारी २०२१मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या दोन ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. तिथे पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्याची बोली दोन कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या आणि पैसा म्हणे देवळाच्या कामाला लागणार होता. बोली लावणारे पुढारी होते, कबूल. पण लिलाव मान्य करणारे कोण होते? एरवी अंधारात होणारा सौदा या गावांनी दिवसाढवळ्या केला, म्हणून सापडला, एवढंच.

कारभार बिघडला तो पुढाऱ्यांमुळे की मतदारांमुळे, हा वाद पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात कायम रंगतो. पुढारी म्हणतो, लोकांना पाकीट लागतं. लोक म्हणतात, सगळे चोर. दोघांनाही वाद सोयीचा आहे. तो मिटत नाही, आणि मिटत नाही तोवर कुणालाच काही करावं लागत नाही. निदान गावापुरता तरी तो मिटवण्याची जागा आपल्याकडे आहे. तिचं नाव ग्रामसभा. आज ती मरायला टेकली आहे, आणि तिला वाचवा एवढंच सांगायला हा लेख आहे.

२४ एप्रिल १९९३ रोजी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि ग्रामसभेला थेट संविधानात जागा मिळाली. विधानसभेत आपण आपला माणूस पाठवतो. ग्रामसभेत आपण स्वतः बसतो. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद असतो. त्यासाठी निवडून यावं लागत नाही आणि पाच वर्षांनी मुदतही संपत नाही. मागच्या वर्षीचा जमाखर्च तिच्यापुढे ठेवावा लागतो, विकासाचा आराखडा तिच्यापुढे यावा लागतो, घरकुलासारख्या योजनांची लाभार्थी यादी तिथे वाचली जाते, रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण तिनेच करायचं असतं. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार सभा बंधनकारक आहेत आणि नियमित सभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. सबळ कारण नसताना सभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं. थोडक्यात, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मतदाराचं काम संपतं हे निदान गावात तरी खोटं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? नोटीस सात दिवस आधी निघते, पण ती कार्यालयाच्या फळ्यावरच राहते. दवंडी पिटलीच तर एका आळीत. सभेच्या वेळी सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि दोन्ही गटांची मिळून पंधरा-वीस डोकी जमतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं जमत नाहीत. मग सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट कारभाऱ्यांना तोंडपाठ असते. पुढच्या तारखेला मोजकी माणसं बसून सगळे विषय ‘सर्वानुमते मंजूर’ करतात, आणि रजिस्टर घेऊन शिपाई सह्यांसाठी घरोघर फिरतो. आपण चहाचा कप बाजूला ठेवून सही करतो. काय मंजूर झालं हे विचारत नाही. वर्षभराने गटार अर्धवट राहिलं की ‘खाल्ले पैसे’ म्हणायला मोकळे. खाल्लेही असतील, पण खर्चाच्या पानावर आपली सही आहे.

म्हणून दोष सरसकट मतदारांवर टाकावा का? नाही, कारण सगळ्यांची गैरहजेरी सारखी नसते. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात. २६ जानेवारीच्या सभेच्या वेळी ती कुठल्या तरी कारखान्याच्या फडात असतात, आणि त्यांच्याच घरकुलाचा विषय त्यांच्या माघारी निघतो. मजुरी बुडवून सकाळी अकरा वाजता चावडीत बसणं प्रत्येकाला परवडत नाही. वस्तीवरची एखादी बाई उठून प्रश्न विचारायला लागली, की तिच्या नवऱ्याला संध्याकाळी समज दिली जाते. हेही गावोगाव माहीत आहे. यांना ‘उदासीन’ म्हणायची माझी तयारी नाही. माझा राग शिकलेल्या, पक्क्या घरातल्या, वेळ असलेल्या माणसावर आहे. तो फोनवर देशाचा अर्थसंकल्प दुरुस्त करतो आणि दोनशे पावलांवरच्या सभेला ‘तिथे नुसतं राजकारण असतं’ म्हणून जात नाही. राजकारण असतंच तिथे. अशा माणसाशिवाय चालतं म्हणून ते तसलं असतं.

शहरवाल्यांनीही हसू नये. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडलं. जवळजवळ चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. किती जण त्यासाठी रस्त्यावर आले?

जिथे लोक बसले तिथे काय झालं, हेही आपल्याच राज्यात दिसतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने सर्वसहमतीशिवाय निर्णय घ्यायचा नाही असं ठरवलं आणि वर्षानुवर्षं बैठका घेतल्या. २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबू वाहतुकीच्या परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावरून ठरतं. शेतीसाठी बोअरवेल नाही, हा निर्णयही गावाचाच. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने विधवांच्या बांगड्या फोडण्यासारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि काही दिवसांतच राज्य सरकारने इतर गावांनाही तोच कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. एका गावाच्या ठरावाने मंत्रालय हललं. ओडिशातल्या नियमगिरीत तर २०१३मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला एकमुखाने नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय त्यांच्यावर सोपवला होता आणि खाण झाली नाही.

हिवरे बाजारला पोपटराव पवार होते, मेंढ्याला देवाजी तोफा होते, आमच्याकडे कोण आहे, असं लगेच विचारलं जाईल. चांगला पुढारी लागतो, यात वाद नाही. पण गाव बसत होतं म्हणून त्यांचं पुढारपण टिकलं. रिकाम्या सभेत पोपटरावही काही करू शकले नसते, आणि भरलेल्या सभेत बनेल सरपंचालाही खोटं बिल वाचताना घाम फुटतो.

तेव्हा येत्या ग्रामसभेला जा. एकट्याने जाऊ नका. आळीतली पाच घरं बरोबर घ्या, कारण एकट्याला गप्प बसवणं सोपं असतं. नोटीस आधी मिळवा आणि विषयपत्रिकेचा फोटो गावच्या ग्रुपवर टाका. आपला विषय आधीच लेखी द्या आणि पोच घ्या, म्हणजे ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून तो शेवटी ढकलला जाणार नाही. सभेची वेळ मजुरांना जमेल अशी, संध्याकाळची ठेवा, असा ठराव पहिल्याच सभेत मांडा. गावातली माणसं ऊसतोडीला जात असतील तर त्यांचे विषय २ ऑक्टोबरच्या आसपासच्या सभेतच, ती गावात असताना, निकाली काढा असा आग्रह धरा. महिला सभेत झालेले ठराव मुख्य सभेत मोठ्याने वाचायला लावा. सगळे प्रश्न एकदम विचारू नका, एक घ्या. शाळेच्या दुरुस्तीचा निधी, पाण्याच्या टाकीचं बिल, काहीही. त्याची कागदपत्रं मागा, आणि टोलवाटोलवी झाली तर पुढच्या सभेत पुन्हा तेच मागा.

आणि सभा संपल्यावर लगेच घराकडे वळू नका. इतिवृत्त तिथल्या तिथे वाचून घ्या. ठरावाचा सूचक कोण, अनुमोदक कोण, शब्द तेच आहेत का, शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा ठेवलेली नाही ना, हे पाहा. मगच सही करा. दुसऱ्या दिवशी शिपाई कोऱ्या पानाचं रजिस्टर घेऊन दारात आलाच, तर त्याला चहा द्या आणि रजिस्टर परत पाठवा.